पोरांना सरकार आतून बघू द्या, पण फुकटात राबवून नको

एप्रिल लागला की सोलापूरच्या आमच्या राज्यशास्त्र डिपार्टमेंटला एकच विषय असतो, सर इंटर्नशिप कुठं मिळेल. आधी हा प्रश्न एखाददुसरं हौशी पोरगं विचारायचं, आता सगळेच विचारतात कारण नवीन शैक्षणिक धोरणामुळं ओजेटी (प्रत्यक्ष कामावर जाऊन प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट हे सगळं थेट मार्कशीटवर आलंय. चार क्रेडिटचं ओजेटी म्हणजे १२० तास काम. कॉमर्सचं पोरगं सीएच्या ऑफिसात जातं, टॅलीवर एन्ट्र्या मारतं, सुटतं. मायक्रोबायोलॉजीवाली पोरगी पॅथॉलॉजी लॅबमधे जाते. पण राज्यशास्त्राच्या पोरानं जायचं कुठं? ज्या विषयाचं नावच राज्य आहे त्याच्या पोराला राज्य कुठल्या दारातून आत घेतं हे ना कॉलेजला माहीत ना ऑफिसला.

मग काय होतं, तर कागद तयार होतात. एका पोरानं एका पक्षाच्या कार्यालयाचं सर्टिफिकेट आणलं, सही शिक्का तारीख सगळं जागच्या जागी. काय शिकलास विचारलं तर आधी गप्प, मग हळूच म्हणाला सर काकांची ओळख आहे तिथं. त्याला काय बोलणार? दुसरं एक पोरगं खरंच एका सरकारी ऑफिसात गेलं होतं, तिथं त्याला पहिल्या दिवशी चहा सांगायला पाठवलं आणि नंतर झेरॉक्सला. तोही शिकला म्हणा, झेरॉक्स मशिनमधे अडकलेला कागद कसा काढायचा ते.

माझं म्हणणं सरळ आहे. सोलापूरच्या पोराला राजकारणातली, सरकारातली इंटर्नशिप दिल्ली-मुंबईत शोधायला लावणं हाच मुळात घोळ आहे. ती इथंच तयार झाली पाहिजे, महापालिकेत, जिल्हा परिषदेत, तहसील कचेरीत, आमदार-नगरसेवकांच्या ऑफिसात, आणि ती जाहिरात देऊन भरली पाहिजे आणि तिला पैसे दिले पाहिजेत. यातलं शेवटचं वाक्य ऐकलं की लोकं लगेच म्हणतात शिकायला येणाऱ्याला पैसे कसले. त्याच्याकडं येतोच, पण आधी आत्ता बाजारात काय काय आहे ते बघू म्हणजे कळेल मी एवढा का चिडलोय.

नीती आयोगाची इंटर्नशिप सगळ्यांना माहीत असते. नाव मोठं आहे, अर्ज ऑनलाइन, महिन्याच्या १ ते १० तारखेत भरायचा. पदवीच्या पोरासाठी अट काय, तर दुसरं वर्ष झालेलं पाहिजे आणि बारावीला ८५ टक्के. आणि मिळाली तरी एक रुपया नाही. आता मला सांगा, अक्कलकोट किंवा करमाळ्याच्या आर्ट्स कॉलेजात बारावीला ८५ टक्के पडलेली पोरं किती असतील आणि त्यातली सहा आठवडे स्वतःच्या खर्चानं दिल्लीत राहू शकणारी किती. खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप आहे, पीआरएस नावाची दिल्लीची संस्था चालवते, २०१० पासून सुरू आहे, काम खरंच दर्जेदार, मानधन पण मिळतं, पण ती पदवी झाल्यावरची, जवळपास वर्षभराची, आणि इंग्रजी फाडफाड पाहिजे. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, २०२० ला बंद पडली, २०२३ ला परत सुरू झाली, अख्ख्या महाराष्ट्रातून जागा ६०. वाईट काहीच नाही, पण १२ कोटींच्या राज्यात ६० जागा हा काही आमच्या पोरांच्या प्रश्नाचा जवाब नाही.

२०२० साली केंद्रानं ट्यूलिप म्हणून योजना आणली, महापालिका आणि स्मार्ट सिट्यांमधे इंटर्न घ्यायचे. सोलापूर तर स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांतलं, जानेवारी २०१६ ला नाव लागलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. पण ट्यूलिप कुणासाठी, तर नुकतीच पदवी घेतलेल्यांसाठी. पंतप्रधान इंटर्नशिप २०२४ ला आली, सुरुवातीला महिना ५,००० रुपये, पण ती मोठ्या कंपन्यांमधली आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला चालत नाही. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पण २०२४ चीच, तिथं बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, आणि तिच्यातून पोरं खरोखर ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी ऑफिसात जाऊन बसली. पण तिथंही तेच, शिक्षण चालू असेल तर अर्ज करू नका.

म्हणजे गंमत बघा. कॉलेज म्हणतं इंटर्नशिप केल्याशिवाय क्रेडिट नाही, आणि सरकारी योजना म्हणतात कॉलेजात असाल तर येऊ नका. एकाच सरकारची ही दोन तोंडं आहेत आणि दोन्ही तोंडं एकमेकांकडं बघत पण नाहीत.

आता पैशाचं. मुंबईला मंत्रालयात काम असलं की आपल्याकडची लोकं काय करतात, रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडतात, सकाळी सीएसएमटी, आकाशवाणी आमदार निवासात कुणाच्या तरी खोलीत आंघोळ, दिवसभर मंत्रालय, आणि रात्री परत सिद्धेश्वर. एका दिवसासाठी हे जमतं. दोन महिन्यांसाठी कुणाच्या खोलीत राहणार? ज्याचे वडील कार्यकर्ते आहेत, ज्याची बहीण ठाण्यात दिलेली आहे, त्याला जमतं. बाकीच्यांनी काय, परळला कॉट बेसिसवर राहून फुकटात फायली वाहायच्या?

आणि खर्च ही अर्धीच गोष्ट आहे, बुडणारी कमाई कुणी धरतच नाही. सोलापुरातल्या बऱ्याच घरांत उन्हाळा म्हणजे पोरांच्या कमाईचा सीझन. लग्नसराईत केटरिंगला वाढपी, चाटी गल्लीत कपड्याच्या दुकानात माल दाखवायला, शाळा उघडायच्या आधी युनिफॉर्मच्या कारखान्यात काजं-बटणं, टॉवेलच्या कारखान्यात घडी-पॅकिंग. पूर्व भागातल्या माझ्या कितीतरी पोरी मे महिन्यात आईशेजारी सूप घेऊन बसतात, पानं कापायची, तंबाखू भरायची, विड्या वळायच्या, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि दोन हात जादा लागले की हजार लवकर भरतात. त्या पोरीला तुम्ही म्हणणार की ये बाळ दोन महिने आमच्या ऑफिसात बस, शिकायला मिळेल, अनुभव मिळेल. ती येईल कशी? आली तर घरात जी ओरड होईल ती तुम्ही ऐकणार का? फुकट इंटर्नशिप सगळ्यांना खुली असते असं म्हणणं म्हणजे शुद्ध लबाडी आहे, ती फक्त ज्याचं घर उन्हाळाभर त्याच्याशिवाय चालतं त्यालाच खुली असते. आणि मग पुढं जाऊन आमदारांचे पीए, सल्लागार, उमेदवार कुठल्या घरांतून येतात याचं आपण परत आश्चर्य करत बसतो.

ही बोंब नुसती आपल्याकडं आहे असं नाही. अमेरिकेच्या संसदेत वर्षानुवर्षं पोरं फुकट राबायची, उन्हाळ्यात वॉशिंग्टनला राहायचा खर्च ज्याच्या बापाला परवडतो त्यालाच तो मान. तिथल्या पोरांनीच बोंबाबोंब केली, मग २०१९ पासून प्रतिनिधीगृहातल्या प्रत्येक सदस्याच्या ऑफिसला इंटर्नच्या पगारासाठी वर्षाला २०,००० डॉलर वेगळे मिळायला लागले, आणि व्हाइट हाउसनं तर २०२२ मधे कुठं इंटर्नला पैसे द्यायला सुरुवात केली. आपलं परराष्ट्र मंत्रालय इंटर्नला महिना १०,००० रुपये आणि प्रवासाचा खर्च देतं, वर राज्यनिहाय जागा धरतं. म्हणजे करायचं म्हटलं तर आपल्याकडंही होतंच की.

लोकं म्हणतील, अहो राजकारण शिकायला इंटर्नशिप कशाला लागते, आपली मोठी माणसं कुठं इंटर्न होती. खरंय. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात साध्या नोकरीला लागले, मग फौजदार झाले, तिथून राजकारणात, मुख्यमंत्री, देशाचे गृहमंत्री. आडम मास्तर विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या युनियनमधून वर आले आणि आमदार झाले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे, ११ वेळा आमदार, तो पक्षच एक शाळा होती. पण या सगळ्यांना शिकवणाऱ्या जागा तेव्हा जिवंत होत्या हे विसरून कसं चालेल? गिरण्या होत्या, गिरण्यांत युनियन होत्या, युनियनच्या ऑफिसात पोरगं बसून अर्ज लिहायला शिकायचं, लेबर कोर्टाची तारीख कशी घ्यायची ते बघायचं. कॉलेजात निवडणुका व्हायच्या. गिरण्या कधीच्या बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद आली, नियम झाले, पण प्रत्यक्षात काही मतपेट्या आल्या नाहीत, दरवेळी काहीतरी कारण निघालं. आता पोरगं १८ चं झालं की त्याला थेट मतदार यादी आणि व्हॉट्सअॅप ग्रुप, मधलं काहीच नाही. शिडीच्या मधल्या पायऱ्या काढून घेतल्या आणि म्हणायचं तरुणाई राजकारणात येत नाही.

येते की. निवडणूक लागली की येते. स्लिपा वाटायला, रील काढायला, रॅलीत बाइक घेऊन, सभेला खुर्च्या भरायला, आणि दिवसाचे पैसे पण मिळतात, त्यात मला काही वाईट वाटत नाही, काम केलं पैसे घेतले. पण मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तो पोरगा त्या ऑफिसला अनोळखी होतो. निवडून आल्यावर माणूस नेमकं काम काय करतो हे त्याला कळतच नाही.

आणि खरं शिक्षण तर तिथंच आहे. कुठल्याही आमदाराच्या संपर्क कार्यालयात सकाळी दहाला जाऊन बसा. बाहेर चपलांचा ढीग, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फोटो, आणि प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. कुणाला बदली पाहिजे, कुणाला पोराची अॅडमिशन, कुणाचं रेशन कार्ड ऑनलाइन दिसेना, आणि रोज दोनतीन तरी दवाखान्याच्या बिलाचे. पीए लेटरहेड काढतो, दोन ओळी टाइप करतो, साहेबांची सही, चला पुढचा. आता दवाखान्याचंच घ्या. ट्रस्टच्या हॉस्पिटलात १० टक्के खाटा अगदी गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात, ही हायकोर्टानं २००६ साली ठरवून दिलेली स्कीम आहे. म्हणजे तो माणूस जे साहेबांची कृपा म्हणून मागतोय ते त्याचा हक्क म्हणून आधीच लिहून ठेवलेलं आहे, फक्त त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जायला सांगणारं कुणी नाही. एक बरं शिकलेलं पोरगं त्या ऑफिसात बसवा, त्याला एवढंच काम द्या की आलेल्या प्रत्येक माणसाचं कशात अडलंय, कुठला कागद नाही, गेल्या वेळचं पत्र कुठं पोचलं हे वहीत लिहायचं आणि मागं लागायचं. महिन्याभरात त्या पोराला मतदारसंघ कळेल आणि साहेबांना पण कळेल की आपल्या दारात येणारी निम्मी कामं कुठल्या टेबलावर तुंबलीयत.

पण माझी सगळ्यात आवडती जागा आमदाराची नाही, नगरसेविकेची आहे. आपल्या महापालिकेत १०२ नगरसेवक. मार्च २०२२ ला जुन्या सभागृहाची मुदत संपली, मग पावणेचार वर्षं नुसतं प्रशासक राज, आणि जानेवारी २०२६ ला शेवटी एकदाची निवडणूक झाली. राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमधे महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, म्हणजे १०२ मधल्या ५१ जागा बायकांच्या. त्यातल्या कितीतरी जणींचा फोन कोण उचलतं ते प्रभागातल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं. सभेच्या आधी विषयपत्रिका येते. भाषा कशी, अमुक कलमान्वये तमुक खर्चास कार्योत्तर मंजुरी देणेबाबत, आयुक्तांकडील प्रस्ताव. बारावी शिकलेल्या बाईनं पहिल्यांदा निवडून येऊन हे वाचायचं कसं? मग भाऊ सांगतील तिथं हात वर.

तिथं एमएची एक पोरगी द्या तिच्यासोबत. काम एवढंच की सभेच्या आधी विषयपत्रिका दोघींनी बसून वाचायची, आपल्या प्रभागाचे विषय कुठले, हा खर्च आधीच होऊन गेलाय का, ठेकेदार तोच आहे का, मागच्या सभेत यावर काय ठरलं होतं, आणि तीन साधे प्रश्न मराठीत लिहून काढायचे. सभागृहात ताईंनी वाचून दाखवायचे. पहिल्यांदा अडखळत वाचतील, वाचू देत. आणि आपल्या पूर्व भागात तर ती पोरगी तेलुगू बोलणारी मिळेल, अक्कलकोट रोडकडं कन्नड बोलणारी मिळेल, मुंबईहून कुठला फेलो आला तर त्याला हे जमणार आहे का? हद्दीतल्या म्हातारीची तक्रार तिच्या भाषेत ऐकून तिचा मराठी अर्ज करणं हे काम आपल्या कॉलेजची पोरं झोपेत करतील. हा गुण कुठल्याच ऑनलाइन फॉर्ममधे भरायला जागा नसते, तिथं बारावीचे टक्के विचारतात.

दुसरं म्हणजे ऋतू. बाकीच्या गावांचं माहीत नाही, पण आपल्या जिल्ह्यात सरकार सगळ्यात जास्त दिसतं ते उन्हाळ्यातच. पारा ४३ च्या वर, शहरात नळाला पाणी दिवसाआड पण नाही तर चारपाच दिवसांनी, आणि उजनी धरणात किती टक्के उरलं हा रिक्षावाल्यापासून सगळ्यांचा विषय. ग्रामीण भागात टँकरचे प्रस्ताव. हा टँकरचा कागद बघण्यासारखा असतो बरं का. ग्रामपंचायतीनं मागायचा, पंचायत समितीत जायचा, तहसीलदार आणि बीडीओंनी (गटविकास अधिकाऱ्यांनी) मिळून पाहणी करायची की खरंच विहिरी आटल्यात का, मग वरून मंजुरी, मग टँकरला जीपीएस, खेपांची नोंदवही, त्यावर गावातल्या माणसांच्या सह्या. माणशी किती लिटर, गुरं धरायची का नाही, वाडीवस्ती गावात धरायची का वेगळी, यावर गावागावात भांडणं. ज्या पोरानं एका मंगळवेढ्याच्या गावाचा टँकर प्रस्ताव अर्जापासून पाणी ओतेपर्यंत डोळ्यानं बघितला त्याला विकेंद्रीकरण या धड्यावर मी वेगळं काय शिकवू? १ मे ला ग्रामसभा असते, ती पण सुट्टीतच. पावसाळ्याच्या आधीची नालेसफाई, मिळकत कराची सूट, आरटीईचे प्रवेश, सगळं याच दिवसांत. बदल्यांचा सीझन पण हाच, एप्रिल-मे, त्यावरून ऑफिसात जी कुजबूज असते ते तर अभ्यासक्रमाबाहेरचं प्रॅक्टिकल.

आणि मग वारी. आषाढीची तयारी कलेक्टर ऑफिसात कधीची सुरू झालेली असते. धर्मपुरीला माउलींची पालखी जिल्ह्यात शिरते तिथपासून नातेपुते, माळशिरस, वेळापूर, पंढरपूर, तळांवर पाणी, फिरती टॉयलेटं, दवाखाने, पंढरपूरच्या ६५ एकर तळावरची व्यवस्था, चंद्रभागेची स्वच्छता, दर्शन रांग. महसूल, पोलीस, आरोग्य, झेडपी, नगरपरिषद, वीज, एसटी, सगळी खाती एका कामाला लागलेली वर्षातून एकदाच दिसतात. बाहेरच्या मॅनेजमेंट कॉलेजांची लोकं वारीवर अभ्यास करायला येतात आणि आमचं पंढरपूरचंच पोरगं घरी बसून ओजेटीचं खोटं सर्टिफिकेट शोधतंय, याला काय म्हणायचं?

आता अधिकारी काय म्हणतात ते पण ऐकलेलं आहे. एक, आम्हाला वेळ नाही. दोन, फायली गोपनीय असतात. तीन, पोरं येऊन मोबाइल बघत बसतात. तिसरं थोडंफार खरं आहे, काम नाही दिलं तर कुणीही मोबाइलच बघेल, तुमचा स्टाफ काय करतो ते पण बघा एकदा. गोपनीयतेचं म्हणाल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणं प्रत्येक ऑफिसनं १७ प्रकारची माहिती स्वतःहून जाहीर करून ठेवायची असते, २००५ पासून. आणि २०१८ ला राज्य सरकारनंच सांगितलंय की जिल्हा आणि खालच्या ऑफिसांत दर सोमवारी ३ ते ५ लोकांना फायली बघू द्या. जे कुठल्याही नागरिकाला बघता येतं ते इंटर्ननं बघितलं तर आभाळ कोसळतं का? उलट मी तर पोरांना सांगतो, तुमची इंटर्नशिप लागायची तेव्हा लागेल, सोमवारी तीनला जाऊन बसा. दोघंतिघं मिळून जावा, आपल्याच गल्लीच्या रस्त्याची फाइल मागा. पहिल्यांदा कारकून म्हणेल कशासाठी पाहिजे, कुणी पाठवलं. परिपत्रकाची प्रिंट दाखवा. टिपणी कुठून सुरू झाली, मान्यतेस्तव सादर कुणी लिहिलं, कुठल्या टेबलावर किती दिवस पडली, हे वाचायची एकदा सवय लागली की पुस्तकातली नोकरशाही आणि टेबलावरची नोकरशाही वेगळी कळायला लागते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात लोकशाही दिन असतो, तिथं नुसतं मागं उभं राहून ऐकलं तरी पुष्कळ.

वेळ नाही या मुद्द्याला मात्र मी मान देतो. एका नायब तहसीलदाराकडं किती कामं असतात ते बाहेरून कळत नाही. म्हणून तर म्हणतो की वीस पोरं एका ऑफिसात कोंबू नका, एका टेबलाला एक, आणि त्याला एकच ठरलेलं काम, जे सहा आठवड्यांत संपेल आणि शेवटी दोन पानं लिहून द्यायची. रोज पाच तास धरले तर २४ दिवसांत १२० तास होतात. परीक्षा संपल्यापासून कॉलेज उघडेपर्यंत हे आरामात बसतं.

एक भीती मात्र खरी आहे आणि ती युवा कार्य प्रशिक्षणवाल्यांनी दाखवून दिली. ती पोरं सहा महिन्यांसाठी घेतली, मग पाच महिने वाढवले, आणि शेवटी ती रस्त्यावर उतरली, आम्हाला कायम करा म्हणून. लोकांनी त्यांना नावं ठेवली. मी नाही ठेवणार. रिकाम्या पदांची कामं त्यांच्याकडून करून घेतली, शाळेत शिकवायला लावलं, ऑफिसात डेटा एन्ट्री करून घेतली, आणि मग म्हणायचं तुम्ही तर प्रशिक्षणार्थी. असं करायचं नसेल तर इंटर्नशिप छोटीच पाहिजे, शिकणाऱ्या पोरांसाठीच पाहिजे, आणि भरतीच्या जागी ती वापरायची नाही हे आधीच लिहून दिलं पाहिजे. सहा आठवड्यांच्या पोराकडून कुणी कायम होण्याची अपेक्षा ठेवत नाही, अकरा महिने राबलेल्याकडून मात्र ठेवणार.

कॉलेजवाल्यांची भीती वेगळीच, राजकारण नको. पोरगं कुठल्या पक्षाच्या ऑफिसात गेलं की उद्या दुसऱ्या पक्षवाले येऊन प्राचार्यांच्या केबिनमधे बसतील. अरे पण राज्यशास्त्र शिकवायचं आणि पक्षाचं नाव घ्यायचं नाही म्हणजे काय? पोरानं आपल्या मनानं पक्ष निवडावा, कॉलेजनं सगळ्या पक्षांना एकच पत्र पाठवावं, आणि प्रचाराचं काम तासांत धरायचं नाही एवढा नियम करावा. झेंडा लावला तर तास मोजायचे नाहीत, प्रभागातल्या गटारीच्या तक्रारींची यादी केली तर मोजायचे. पोरींसाठी वेळ संध्याकाळी सहाच्या आत आणि तक्रार करायला कॉलेजातल्या एका मॅडमचा नंबर, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

हिशोब करा आता. १०० पोरं, दीड महिना, महिना ६,००० म्हणजे बारावीवाल्याला सरकार स्वतःच देतं तेवढेच. होतात ९ लाख. महापालिकेच्या बजेटमधे ९ लाख म्हणजे काय ते ज्यानं एकदा विषयपत्रिका वाचलीय त्याला सांगायची गरज नाही, कार्यक्रमांच्या मंडपाला आणि जाहिरात फलकांना किती जातात ते काढून बघा. निम्म्या जागा महापालिकेकडून शहरातल्या पोरांना, निम्म्या झेडपीकडून ग्रामीण पोरांना असं केलं तर एकट्यावर बोजा पण नाही. अकरा तालुके आहेत, प्रत्येक पंचायत समितीत चारपाच पोरं म्हणजे काही फार नाही. निवड चिठ्ठीनं करा हवं तर, मुलाखत ठेवली की फोन सुरू होतात. आमच्या विद्यापीठाचं तर एका जिल्ह्याचंच कार्यक्षेत्र आहे, एवढं सोपं महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाला नसेल, एक सामंजस्य करार केला तर सगळी कॉलेजं त्यात येतात.

फक्त हे मे महिन्यात सुचून उपयोग नाही. आयुक्त बजेट स्थायी समितीपुढं ठेवतात, तिथून ते सर्वसाधारण सभेत जातं, आणि त्यात लेखाशीर्ष, म्हणजे या खर्चाचं वेगळं खातं, नसेल तर नंतर कुणी कितीही चांगला असला तरी पैसे देऊ शकत नाही, निधी उपलब्ध नाही एवढं लिहून फाइल परत येते. म्हणजे विद्यापीठाचं पत्र दिवाळीनंतर गेलं पाहिजे, नगरसेवकांना डिसेंबरात भेटलं पाहिजे, आणि जाहिरात मार्चमधे लागली पाहिजे, मराठीत, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, टक्क्यांची अट न घालता. विषयपत्रिका वाचायला कोण येतंय का असं विचारणारी एकतरी नगरसेविका त्याच्या आधी मला भेटली तर मी पोरी घेऊन तयार आहे, पैशाचं बघू.